होमस्टेच्या स्विमिंग पूलचं डिझाइन कोण करतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या उन्हाळी पर्यटन पुरवणीत दापोली ते गुहागर किनाऱ्यावरच्या होमस्टेंची माहिती छान आली आहे. फोटोही सुंदर आहेत. त्यातल्या बहुतेक फोटोंत माडांच्या मधोमध एक निळा चौकोन दिसतो. हा चौकोन असला की खोलीचा दर चढतो आणि शनिवार-रविवार रिकामे जात नाहीत. मुंबई-पुण्याची मंडळी फोनवर पहिलं तेच विचारतात, "पूल आहे ना?" समुद्र दोनशे पावलांवर असला तरी! असो. 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने ज्यांच्या सुपारीच्या बागा एका दुपारी आडव्या केल्या, त्यांनी खोल्या काढल्या, पूल बांधले, याबद्दल माझी तक्रार नाही. नवी सुपारी धरायला वर्षं जातात, तोवर माणसाने खायचं काय?

माझा प्रश्न वेगळा आहे. या पूलांचं डिझाइन कोणी केलं? आमच्या पट्ट्यात, म्हणजे कर्दे, मुरुड, लाडघर, आंजर्ले या बाजूला मी सहज विचारत गेलो. "गवंड्याने केलं." "जेसीबीवाल्याच्या ओळखीचा एक आहे चिपळूणला." "टाइल्सच्या दुकानदारानेच माणूस दिला." एकाने तर मोबाइल पुढे करून मला व्हिडिओच दाखवला. पंजाबी बोलणारा कोणी इसम त्यात विटांची भिंत रचत होता.

मी जिल्हा परिषदेच्या पाणीपुरवठा विभागातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालो. सगळी नोकरी टाक्या, विहिरी आणि गळत्यांत गेली. गावात पन्नास हजार लिटरची पाण्याची टाकी बांधायची तर आमच्याकडे नकाशा लागायचा, डिझाइन लागायचं, तांत्रिक मान्यता लागायची, काँक्रीटचे क्यूब भरून प्रयोगशाळेत फोडावे लागायचे, आणि हे सगळं मोजमाप पुस्तकात चढल्याशिवाय ठेकेदाराला दमडी मिळत नसे. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल पूलमध्ये 75 हजार लिटर पाणी मावतं. त्यात लोकांची पोरं उतरणार. आणि तो होतो वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या चौकोनावरून.

गेल्या जुलैतली हकीकत सांगतो. ओळखीच्या एका बाईंचा होमस्टे आहे, अगदी पुळणीला (किनाऱ्याच्या वाळूला) लागून असलेल्या आगरात, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेत. पावसाळ्यात गिऱ्हाईक कमी, तेव्हा पूलच्या टाइल्स बदलून घ्याव्यात असं त्यांच्या ठेकेदाराने सुचवलं. पंप लावून पूल कोरडा केला. दोन दिवस पाऊस कोसळला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन, "काका, जरा येऊन बघता का? पूल वर आलाय." मी गेलो. खोल बाजू वीतभर वर उचललेली, काठाच्या फरश्या उभ्या फुटलेल्या, पंपाकडे जाणारा पाइप मुळातून तुटलेला. जमलेल्यांत कोणी म्हणालं कोयनेचा धक्का बसला असणार. कोणी म्हणालं, काम सुरू करताना जागेच्या राखणदार देवाला नारळ दिला नव्हता. ठेकेदार म्हणाला, जमीनच खराब आहे.

जमीन खराब नव्हती. किनाऱ्यालगतच्या आगरात जुलैमध्ये विहिरीचं पाणी हाताने शिवता येतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे जमिनीखाली दोन-तीन फुटांवर सगळं पाणीच असतं, आणि त्या पाण्यात आपण काँक्रीटची एक रिकामी होडी ठेवलेली असते. होडी तरंगते तसा रिकामा पूलही तरंगतो.

हिशेब सातवी-आठवीतल्या पोराला जमेल इतका सोपा आहे. वर सांगितलेल्या मापाचा पूल घ्या. तळ आणि भिंती 20 सेंटिमीटर जाडीच्या धरा. काँक्रीट होतं साधारण साडेवीस घनमीटर आणि त्याचं वजन साधारण 51 टन. बाहेरच्या बाजूने या पेटीची जागा 56 चौरस मीटर आणि उंची तळासकट 1.7 मीटर. भूजल जमिनीच्या पातळीला आलं तर खालून वर ढकलणारा जोर होतो 95 टनांचा. वजन 51, जोर 95. मध्ये 75 टन पाणी भरलेलं असतं तोवर काही होत नाही. ते काढलं की संपलं. खरं तर बाहेरचं पाणी जमिनीपर्यंत यायचीही गरज नाही. तळाच्या खालच्या पातळीपासून तीन फूट वर आलं, की वजन आणि जोर बरोबरीला येतात. टाइल्सचं आणि खालच्या पीसीसीचं (बिनसळईच्या काँक्रीटच्या थराचं) वजन धरून थोडं इकडेतिकडे होईल, पण उत्तर बदलत नाही.

यावर उपाय नवे नाहीत. तळ जाड करायचा, किंवा तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर फूट-दीड फूट काढायचा म्हणजे त्यावरच्या मातीचं वजन आपल्या बाजूने येतं. रिकाम्या पूलचं वजन खालच्या उचलीच्या निदान 1.2 पट भरेल असं पाहायचं. तळाखाली खडीचा थर आणि छिद्रांचे पाइप घालून ते बाजूच्या एका खड्ड्यात आणायचे, तिथून पाणी उपसता येतं. तळात एक झडप बसवतात, बाहेरचा दाब वाढला की ती उघडते आणि भूजल आत येऊ देते. मात्र रेती-मातीने ती चोंदते, म्हणून निव्वळ तिच्या भरवशावर राहू नये. यातलं कुठलं कुठे लागेल हे त्या जागेतली पावसाळ्यातली पाण्याची पातळी ठरवते. सड्यावर (वरच्या कातळाच्या पठारावर) खोदलेल्या पूलला एक न्याय, पुळणीजवळच्या आगराला दुसरा. हे ठरवणं हेच डिझाइन. निळ्या टाइल्सची नक्षी म्हणजे डिझाइन नव्हे. (मुंबईहून ट्रेलरवर फायबरचे तयार पूल येऊ लागलेत, ते तर काँक्रीटच्या मानाने कागदाचे. आगरात तसला बसवायचा विचार असेल तर आधी हा हिशेब कुणाकडून तरी करून घ्या.)

त्या बाईंचा पूल बांधणाऱ्या गवंड्याशी मी नंतर बोललो. भला माणूस, हात उत्तम. म्हणाला, "साहेब, आजवर कितीतरी विहिरी बांधल्या, एकही ढासळली नाही. हा तर कमरेएवढा खड्डा." त्याच्या विहिरी मला माहीत आहेत, त्या खरोखरच ढासळणार नाहीत. पण त्या का ढासळत नाहीत? चिऱ्याची (जांभा दगडाची) विहीर तो सुकी, सांध्यांत सिमेंट न भरता रचतो, सांध्यांतून पाणी आत-बाहेर करतं, दोन्हीकडे पातळी सारखी राहते, भिंतीवर दाब साठतच नाही. आपल्याकडची देवळासमोरची जुनी तळी पाहा, तीच रीत. त्यांना पाणी हवंच असतं. पूलला बाहेरचं पाणी आत नको आणि आतलं बाहेर नको. भिंतीतून पाण्याची वाट बंद केली, की सगळा दाब त्या भिंतीने सोसायचा. दीड मीटर पाण्याचा दाब भिंतीच्या दर मीटर लांबीला सव्वा टनाच्या थोडा आत येतो, म्हणजे दहा मीटरच्या एका बाजूवर अकरा टनांच्या वर. गवंड्याची विद्या खोटी नाही, ती दुसऱ्या कामाची आहे. ज्यांनी त्याच्याकडून हे काम करून घेतलं त्यांनी त्याच्यावर अन्याय केला असं मला वाटतं, कारण बिघडलं की शिव्या त्यालाच.

बऱ्याच ठिकाणी तर काँक्रीटची भिंतही नसते. चिरा रचतात, आतून वॉटरप्रूफ पावडर घातलेलं प्लास्टर करतात आणि वर टाइल्स. चिरा सच्छिद्र, तो पाणी पितो. प्लास्टरला केसाएवढी चीर पडली की चिरा ओला, मग मागची माती ओली, मग शेजारच्या खोलीच्या पायात ओल. मालक रोज सकाळी दोन बोटं पाणी वर घालतो आणि म्हणतो, उन्हाने उडतंय.

काँक्रीटचं बांधतात तिथे सळईची एकच जाळी, तीही भिंतीच्या बरोबर मध्ये. पूल भरलेला असतो तेव्हा पाणी भिंत बाहेर ढकलतं, रिकामा असतो तेव्हा माती आणि भूजल ती आत ढकलतात. ताण कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. म्हणून सळई दोन्ही अंगांना लागते, आणि दोन्ही अवस्थांचा हिशेब वेगळा करावा लागतो. पाणी साठवणाऱ्या काँक्रीट बांधकामांसाठी भारतीय मानक आहे, आयएस 3370. त्यात चीर 0.2 मिलिमीटरच्या आत राहावी असं धरून सळई ठरवतात. घराच्या स्लॅबला हा नियम नसतो. त्यामुळे घर बांधणारा चांगला ठेकेदार पूल चांगला बांधेलच असं नाही.

समुद्राची गोष्ट जरा सविस्तर लिहितो, कारण पुण्यातल्या पूलला जे चालून जाईल ते इथे चालत नाही. आयएस 456 या काँक्रीटच्या मूळ मानकात किनाऱ्यावरची हवा 'तीव्र' गटात आहे. तिथे आरसीसीला (सळईच्या काँक्रीटला) किमान एम-30 दर्जाचं काँक्रीट (आकडा मोठा तितकं ते मजबूत) आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, लागतो. लाटांचे तुषार येतात अशा जागी एम-35 आणि 50 मिलिमीटर. दोन्हीकडे पाणी-सिमेंट प्रमाण 0.45 च्या वर नको. म्हणजे पन्नास किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी, त्यातही ओल्या वाळूतलं पाणी धरून. आमच्याकडे मिक्सरपाशी उभा असलेला पोरगा काय करतो? माल पातळ हवा, ओतायला सोपा जातो, म्हणून घमेल्याने पाणी मारत राहतो. सिमेंट, वाळू, खडीचं प्रमाण एकास दोन चार, म्हणजे जेमतेम एम-15. तो थर राखायला सळईखाली ठेवायच्या कव्हर ब्लॉकऐवजी फुटक्या टाइलचा तुकडा.

वाळू खाडीची. हातपाटीने काढलेली खाडीची वाळू दिसायला सुरेख असते, पण धुतली नाही तर तिच्याबरोबर मीठ येतं. आणि पाणी? पूलची कामं निघतात एप्रिल-मे मध्ये, पावसाआधी उरकायची म्हणून. नेमकी तेव्हाच खाडीलगतच्या विहिरींची पाणी मचूळ झालेली असतात. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइडची मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात ते 19 हजारांच्या आसपास असतं, म्हणजे विहिरीत थोडंसं समुद्राचं पाणी झिरपलं तरी मर्यादा ओलांडली जाते. तपासणी करून घ्या, आणि ती होईपर्यंत एवढं धरा की जे पाणी जिभेला खारट लागतं ते काँक्रीटला नको. सळई गंजली की फुगते आणि आतून काँक्रीट फोडते. हे पहिल्या वर्षी दिसत नाही. पाचव्या-सहाव्या वर्षी टाइल्स पोकळ वाजू लागतात, तांबडे डाग येतात, तोवर ठेकेदाराचा मोबाइल नंबर बदललेला असतो.

टाइल्स लावण्याआधी पाणी भरून पाहायची चाचणी असते. तीही 3370 मध्येच आहे आणि तिला काडीचा खर्च नाही. टाकी भरायची, सात दिवस तशीच ठेवायची म्हणजे काँक्रीट पाणी पिऊन घेतं. मग पातळीची खूण करायची आणि पुढचे सात दिवस रोज त्याच वेळी मोजायची. सात दिवसांतली एकूण घट मानकातल्या मर्यादेच्या आत हवी. याहून जास्त गेलं तर गळती शोधायची, मग टाइल्स. मी विचारलं त्यांतल्या एकानेही ही चाचणी केलेली नव्हती. टाइल्स आधीच येऊन पडलेल्या असतात ना!

आता दोन गोष्टी ज्यात पैसा नाही, जीव जातो. पहिली, तळातली निचऱ्याची जाळी. एकच जाळी, तिला थेट पंप जोडलेला, आणि तिचं झाकण सुटलेलं किंवा सपाट. आठ इंची तोंडावर कुणाचं अंग बसलं आणि पंपाने हवेच्या दाबाच्या निम्म्याएवढी ओढ लावली, तर जोर होतो दीडशे किलोंच्या वर. मोठ्या माणसालाही त्यातून सुटता येत नाही. अमेरिकेत 2002 साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर नावाची सात वर्षांची मुलगी अशीच गरम पाण्याच्या टबच्या जाळीला ओढली जाऊन बुडाली, आणि 2007 साली तिच्या नावाने तिथे कायदा झाला. उपाय साधा. पंपाच्या एका पाइपवर निदान दोन जाळ्या, एकमेकींपासून तीन फुटांहून दूर, फुगीर झाकणाच्या आणि स्क्रूने घट्ट बसवलेल्या. एक झाकली गेली तर दुसरीतून पाणी येत राहतं. झाकण निघालं असेल तर त्या दिवशी पूल बंद. पाहुणे रागावले तर रागावू देत.

दुसरी, वीज. पाण्यातले दिवे 12 व्होल्टचेच हवेत आणि त्यांचा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब. पंपाच्या लाइनवर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवा, आणि त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायला हवं. कातळात अर्थिंग नीट लागत नाही, उन्हाळ्यात तर मुळीच नाही. तेव्हा अर्थिंगचा खड्डा खणला एवढ्यावर समाधान मानू नका, परवानाधारक वायरमनकडून ते मोजून घ्या. आणि लाइट गेल्यावर जनरेटरवर तोच आरसीसीबी काम करतो का, हेही त्याच्याकडूनच तपासून घ्या. आपल्याकडे पावसात लाइट किती वेळा जाते ते मी सांगायला नको.

क्लोरीनबद्दल फार लिहीत नाही. एवढंच, की ब्लीचिंग पावडर आणि अ‍ॅसिड एका बादलीत कधी घालू नका. त्यातून निघणारा वायू विषारी असतो, आणि साफसफाईला ठेवलेल्या पोराला हे कोणी सांगितलेलं नसतं.

खर्चाचं म्हणाल तर मालक मंडळी टाइल्सचा रंग निवडायला कोल्हापूरपर्यंत जातात, पण स्ट्रक्चरल इंजिनीअरची फी म्हटली की "काका, एवढ्याशा कामाला कशाला?" त्या बाईंना आता तळ फोडून नव्याने घालावा लागतोय. जुना राडारोडा उचलायचा खर्च वेगळा. या वर्षीचा मे महिना तर गेलाच.

माझी मागणी ग्रामपंचायत, तालुका आणि पर्यटन खातं या तिघांकडे आहे. होमस्टेची नोंदणी किंवा नूतनीकरण करताना, पूल असेल तर तीन कागद मागा: स्ट्रक्चरल इंजिनीअरची सही असलेला नकाशा (त्यात भूजलाची पावसाळी पातळी आणि रिकाम्या अवस्थेचा हिशेब लिहिलेला), सात दिवसांच्या पाणी-चाचणीची नोंद, आणि वायरमनचा दाखला. निचऱ्याच्या जाळ्या मात्र कागदावर नकोत, कुणीतरी पाण्यात उतरून पाहाव्यात. किनाऱ्यापासून किती अंतर सोडायचं ते सीआरझेडवाले (किनारी क्षेत्राचे नियम राबवणारे) बघतात, पण भिंत कशी आहे हे कोणीच बघत नाही. दाखला विकत मिळतो, हे मलाही ठाऊक आहे, सरकारी नोकरीत केस पिकलेत. तरी ज्याची सही आहे त्याला निदान जाब विचारता येतो. आज विचारायचा तर कुणाला?

आणि ज्यांचे पूल बांधून झालेत त्यांच्यासाठी, पाऊस तोंडावर आहे म्हणून. जून ते ऑक्टोबर पूल रिकामा करू नका. पाणी हिरवं झालं तर होऊ दे, क्लोरीन आणि फिल्टरने ते सुधारता येतं. पूलपासून हात-दोन हात अंतरावर, तळाहून खोल जाईल असा छिद्रांचा पीव्हीसी पाइप उभा गाडा, भोवती खडी भरा, वर झाकण लावा. त्यात काठी सोडली की भूजल कुठे आहे ते कळतं. दुरुस्तीसाठी पूल उपसायचाच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि आधी ती काठी बघून. काठी तळाच्या वर ओली निघाली तर पंप सुरू करू नका, आधी इंजिनीअरला फोन करा.

आपला,
एक निवृत्त शाखा अभियंता
ता. दापोली, जि. रत्नागिरी

(नाव छापू नये ही विनंती. गावात राहायचं आहे, आणि निम्मे पूलवाले नात्यातले आहेत.)